बोर्डावरचं दुसरं ऑपरेशन

आमच्या सॉफ्टवेअर कंपनीचा मालक माझ्याहून सहा वर्षांनी लहान आहे. तोंडावर मी त्याला 'सर' म्हणते, 'तुम्ही' म्हणते. मनात पहिल्या दिवसापासून 'तो'च आहे, आणि इथेही तोच राहील.

एकदा तो दोन दिवसांच्या कार्यशाळेसाठी बंगळूरला गेला. लोक तिकडून साडी आणतात, याने 'रिॲक्टिव्ह' हा शब्द आणला. सोमवारी सकाळी आम्हा सगळ्यांना उभं करून म्हणाला, "आजपासून आपण जे बनवू ते रिॲक्टिव्ह असेल. सिस्टीम जिवंत वाटली पाहिजे. काही घडलं रे घडलं की तिनं रिॲक्ट केलं पाहिजे." लाजाळूचं झाडसुद्धा एवढं करतं, असं मी शेजारच्या मुलीला म्हटलं. ती हसली नाही. तिला बढती हवी होती.

शब्दाचा काही दोष नव्हता. मी वीस वर्षं हेच काम करत आले होते, फक्त त्याला एवढं चकचकीत नाव आहे हे मला माहीत नव्हतं. जिथे कामं एका रांगेत होत नाहीत, प्रत्येक गोष्ट आपापल्या वेळी घडते आणि तिची बातमी वाटेल तेव्हा येऊन धडकते, तिथली यंत्रणा बांधायची म्हणजे दोनच प्रश्न सोडवायचे असतात. उशिरा आलेल्या बातमीचं काय करायचं? आणि न आलेल्या बातमीचा अर्थ काय लावायचा? कार्यशाळेत हे नक्की शिकवलं असणार. तेव्हा तो बहुधा चहा घ्यायला बाहेर गेला असेल.

माझे वडील बडोद्याला प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. ज्याला काम येत नाही तो साहेब होतो, असं त्यांचं ठाम मत होतं आणि रात्रीच्या जेवणाला ते आम्हाला भाजीबरोबर वाढलं जायचं. भावाने ते पानात टाकलं आणि तो एका बँकेत साहेब झाला. मी सगळं खाल्लं. त्यामुळे माणसाला तुच्छ लेखायला मला फारसा वेळ लागत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्यात मालकाचा हात होता तसा माझ्या या सवयीचाही होता.

त्याच महिन्यात शहरातल्या एका ट्रस्टच्या इस्पितळाचं काम आम्हाला मिळालं. ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक तासन् तास बसतात, आत काय चाललंय ते त्यांना कळत नाही, तर तिथे मोठा बोर्ड लावायचा होता. आत चार ठिकाणी टॅब्लेट ठेवायचे: तयारीच्या खोलीत, थिएटरच्या दाराशी, रिकव्हरीत आणि वॉर्डात. पेशंट पुढे सरकला की तिथली सिस्टर बटन दाबणार आणि बाहेर बोर्डावर त्या पेशंटच्या नंबरापुढची पट्टी रंग बदलणार. पिवळी म्हणजे तयारी, लाल म्हणजे ऑपरेशन सुरू, हिरवी म्हणजे रिकव्हरी, निळी म्हणजे वॉर्ड. कल्पना चांगली होती. ट्रस्टच्या एका वयस्क बाईंची होती, आमची नव्हती.

आत्ताची पद्धत बघून ये म्हणून मालकाने मला तिथे पाठवलं. आत्ताची पद्धत म्हणजे एक मावशी. पंचावन्नच्या पुढच्या, ठेंगण्या, निळ्या किनारीची इस्पितळाची साडी. थिएटरच्या दाराशी पंख्याखाली त्यांची खुर्ची होती. दर अर्ध्या तासाने त्या चपला काढून आत जायच्या, बाहेर यायच्या आणि खणखणीत गुजरातीत सांगायच्या, अमक्याचं झालं, तमक्याला अजून घेतलं नाही, तुम्ही खाऊन या, अजून दोन तास आहेत. लोक त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेले असायचे.

माझ्याशीही त्या गुजरातीतच बोलत होत्या, 'बेन, बेन' करत. मग त्यांचा फोन वाजला आणि त्या मुलीशी मराठीत भांडू लागल्या. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "अय्या, तुम्ही मराठी?"

"मग? कपाळावर लिहून फिरू?"

मी तिथे तासभर बसले. खरं सांगायचं तर त्यातला पाऊण तास मी मोबाईल बघत होते. उरलेल्या वेळात मावशींनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, "सिस्टर लोकांचे हात भरलेले असतात. त्या बटन वेळेवर दाबतील, तुम्ही म्हणता म्हणून?" आणि दुसरी, "आतल्या भिंतीत वायफाय धरत नाही. माझा फोन आत गेला की मरतो." मी मान हलवली. ऑफिसात येऊन अहवालात लिहिलं: सध्याची पद्धत तोंडी, एका व्यक्तीवर अवलंबून, काढून टाकण्याजोगी.

ते वाक्य अजून फाईलमध्ये आहे. माझ्या नावानिशी.

आराखडा मीच केला. त्यात एक पान बातम्यांच्या क्रमाबद्दल होतं. चार टॅब्लेट चार ठिकाणी आहेत, प्रत्येकाची बातमी आपापल्या वाटेने येणार. एखादी वाटेत अडकली आणि मागून येणारी आधी पोचली, तर बोर्ड शेवटी आलेल्या बातमीला खरं मानेल आणि खोटं बोलेल. हे टाळायला मला तीन दिवस हवे होते. मालकाने ते पान बोटाने सरकवलं. "आ तो एज केस छे. पछी जोईशुं."

पछी जोईशुं. हे क्वचितच घडेल, नंतर बघू. बडोद्यात जन्मून वाढल्यामुळे हे दोन शब्द मी आईच्या ओव्यांपेक्षा जास्त वेळा ऐकले आहेत.

मी भांडले का? नाही. बरं सर, म्हटलं. मनात म्हटलं, आपटेल तेव्हा कळेल. कोण आपटेल, याचा विचार केला नाही.

त्यानंतरचे तीन आठवडे एक माणूस पट्टीचा रंग बदलताना तो हळूहळू कसा उजळावा यावर बसला होता. मालकाला तो पहाटेसारखा उजळायला हवा होता. तीन दिवस नव्हते आणि तीन आठवडे होते. मग आमच्या ऑफिसात ट्रस्टच्या मंडळींना प्रात्यक्षिक दाखवलं. चारही टॅब्लेट एकाच टेबलावर, वायफायचा डबा हातभर अंतरावर. सगळं वाऱ्यासारखं पळालं. पिवळी, लाल, हिरवी, निळी. मंडळींनी टाळ्या वाजवल्या आणि मालकाने वाकून नमस्कार केला.

उद्घाटनाला कात्रीचं तबक मावशींच्या हातात दिलं होतं. पुढच्या सोमवारी त्यांची खुर्ची तळमजल्यावर जुन्या फायलींच्या खोलीत हलवली.

दीड महिना बोर्ड नीट चालला. मग एका गुरुवारी जे झालं ते मी नंतर तिथल्या लोकांना विचारून आणि सर्व्हरवरच्या नोंदी वाचून जुळवलं.

बडोद्याजवळच्या पादरा गावचा एक गृहस्थ बायकोला घेऊन आला होता. साठीचा, शेतीच्या पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान. बायकोचं पित्ताशय काढायचं होतं. तिला सकाळी आत घेतलं. पट्टी पिवळी झाली. थोड्या वेळाने फरशी घासायचं मशीन घेऊन एक कामगार थिएटरबाहेरच्या बोळात आला आणि त्याला रिकामा प्लग मिळेना, म्हणून त्याने वायफायच्या डब्याचा प्लग काढून आपला लावला. थिएटरच्या दाराशी असलेल्या टॅब्लेटची वाट बंद झाली. सिस्टरने 'ऑपरेशन सुरू' दाबलं ते टॅब्लेटच्या पोटातच राहिलं.

ऑपरेशन झालं, चांगलं झालं. बाईंना रिकव्हरीत नेलं. तिथला टॅब्लेट वेगळ्या डब्यावर होता. तिथून बातमी थेट निघाली आणि बाहेरची पट्टी पिवळीची एकदम हिरवी झाली. लाल मध्ये आलीच नाही याचं त्या गृहस्थाला काही वाटलं नाही. त्याने हात जोडले, शेजारच्याला सांगितलं, पादऱ्याला मुलाला फोन केला की सुखरूप झालं.

मग कामगाराची फरशी घासून झाली. सभ्य माणूस होता, त्याने प्लग परत लावून ठेवला. टॅब्लेटने पोटात धरलेली बातमी इमानदारीत पाठवून दिली आणि बोर्डाने तीही इमानदारीत दाखवली. हिरवी पट्टी पहाटेसारखी हळूहळू लाल होत गेली. ऑपरेशन सुरू.

तो उठून उभा राहिला. दाराशी जाऊन रखवालदाराला विचारलं, बायकोला परत आत का घेतलं. रखवालदार म्हणाला, "बोर्ड पे देखो, काका." त्याने बोर्डाकडे पाहिलं. बोर्ड लालच होता. चौकशीच्या खिडकीत गेला. तिथल्या मुलीनेही मान वर करून त्याच बोर्डाकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "हो काका, ऑपरेशन चालू आहे." आत जाऊन विचारून येणारं कुणी तिथे उरलंच नव्हतं.

मोटारी उघडणारा माणूस तो. एकदा बंद केलेली वस्तू लगेच परत उघडावी लागली तर त्याचा अर्थ काय, हे त्याला दुसऱ्याने सांगायला नको होतं. आत रक्त वाहतंय असं त्याने धरलं. पादऱ्याला पुन्हा फोन केला. "रक्त लागशे. जे मळे एने लईने आव." जे भेटतील त्यांना घेऊन ये.

मुलगा अकरा जणांना एका टेंपोत घालून घेऊन आला. शेजारचे दुकानदार, दोन चुलत भाऊ, गल्लीतला न्हावी, अर्धी दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईक. सगळे धावत रक्तपेढीच्या खिडकीवर गेले. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे अशी काही मागणी नाही. मुलगा म्हणाला, बोर्डावर बघा. बाई म्हणाल्या, बोर्डाचं मला काय. तिथे जी आरडाओरड झाली ती दोन मजले वर ऐकू गेली. शेवटी ते हटेनात तेव्हा बाईंनी त्यांना रांगेत बसवलं आणि ज्यांचं चालत होतं त्या सात जणांचं रक्त घेतलं. ज्या बाईसाठी हे सगळं चाललं होतं ती वर रिकव्हरीत घसा कोरडा पडला म्हणून सिस्टरशी भांडत होती.

पाणी दे म्हणणाऱ्या त्या भांडणामुळेच उलगडा झाला. सिस्टर नातेवाइकाला समजवायला म्हणून बाहेर आली आणि तिने त्याला भिंतीला टेकून खाली बसलेलं पाहिलं.

मला फोन आला तेव्हा मी जेवायच्या डब्याचं झाकण उघडत होते. अकोट्याच्या पुलावरच्या गर्दीत स्कूटर अडकली, मालक गाडीने माझ्याआधी पोचला. मी आत शिरले तेव्हा बाकांवर सात माणसं कोपराच्या खळगीत कापूस धरून बसली होती. अर्ध्या दाढीचा माणूस बिस्किटं खात होता.

मालक त्या गृहस्थाशी मृदू आवाजात बोलत होता. नेटवर्क, तांत्रिक अडचण, इस्पितळाचं वायरिंग. गृहस्थ ऐकत नव्हता. त्याने विचारलं, "बोर्ड कोणे बनाव्यो?"

"आमच्या टीमने," मालक म्हणाला. मग मला पाहिलं आणि त्याचा चेहरा खुलला. "या आमच्या सीनियर आर्किटेक्ट. डिझाईन यांचंच आहे."

गृहस्थाने माझ्याकडे नीट बघितलं. डोळे सुजलेले होते, आवाज मात्र साधा. "बेन, तमे तो एने बीजी वार चीरी नाखी."

बाई, तुम्ही तिला दुसऱ्यांदा चिरलीत.

मी काहीतरी बोलले असेन. आठवत नाही. त्याने उत्तराची वाटही बघितली नाही. सिस्टर बोलवत होती, तो उठून बायकोकडे गेला.

गाडीतळावर आल्यावर मालक म्हणाला, "एक चांगलं झालं मात्र. सात बाटल्या रक्त. बोर्डामुळे सात बाटल्या. हे आपण कुठेतरी वापरू शकतो."

तोवर मला वाटायचं की या माणसाबद्दलची माझी तुच्छता तळाला टेकली आहे. तिचा तळ अजून बराच खाली होता.

दुसऱ्या दिवशी बैठक झाली. थिएटरच्या मुख्य सिस्टर, ट्रस्टच्या त्या वयस्क बाई, मालक आणि मी. मालकाने रात्रीत उपाय शोधला होता. तो म्हणाला, खरी अडचण लाल रंगाची आहे. लाल बघून लोक घाबरतात. आपण फिकट केशरी करू.

सिस्टर म्हणाल्या, "रंगानं काय होणार? बातमी खोटी होती."

"बातमी खोटी नव्हती, मॅडम. फक्त उशिरा आली."

"तेच ना," सिस्टर म्हणाल्या.

वयस्क बाईंनी मला विचारलं, किती दिवस लागतील. मी मालकाकडे न बघता सांगितलं, दहा. आधी तीन पुरले असते, हेही सांगायला हवं होतं. ते सांगितलं नाही.

कामाला बसण्यापूर्वी मी तळमजल्यावर फायलींच्या खोलीत गेले. मावशी एका स्टुलावर बसून जुन्या फायलींना दोऱ्या बांधत होत्या. पंखा नव्हता. मी म्हटलं, "मावशी, तुम्ही बाहेर सांगायचात तेव्हा चूक कशी होत नव्हती, ते विचारायला आले."

"तेव्हा विचारायचं होतं. आलात की तुम्ही. तासभर मोबाईल बघून गेलात."

त्यांनी आणखी दोन फायली बांधल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आत जायचं, पेशंट डोळ्यांनी बघायचा, मगच बाहेर बोलायचं. कुणी वाटेत सांगितलं की अमक्याला आत घेतलं, तर विचारायचं, कधी? आत्ता की मघाशी? मघाशी असेल तर ते सांगायचं नाही, शिळं असतं ते. आणि नसेल माहीत तर नाही माहीत म्हणायचं. तुमचा बोर्ड म्हणतो का, मला माहीत नाही?"

"नाही."

"का? लाज वाटते?"

मी वहीत लिहून घेत होते. त्यांना ते बघून बरं वाटलं असावं, कारण त्या थोड्या सैलावल्या आणि जे बोलल्या ते मला नको होतं.

"त्या दिवशी मी चहा घेऊन तिथूनच चालले होते. बोर्ड बघितला. म्हटलं, हिरवं झालेलं लाल कसं होईल? कुणाला परत आत घेतात तेव्हा वर केवढी पळापळ असते. पळापळ काही नव्हती. फरशीचं मशीनही बघितलं होतं मी सकाळी."

"मग? त्यांना सांगितलं नाहीत?"

"मी कोण सांगणारी?" त्यांनी दोरी दाताने तोडली. "बोर्ड आहे ना सांगायला. मी फायली बांधते."

"मावशी, तो माणूस तासभर रडत होता."

"बघितला मी." त्यांचा आवाज चढला. "तुम्ही मला नका सांगू. दीड महिना मी या खोलीत आहे, एक माणूस विचारायला आला नाही. आज आलात, ते तुमचं अडलं म्हणून."

त्यांची मान ताठ होती, पण हात थांबले होते. मला त्यांचा राग आला, भयंकर आला. आणि तो राग घेऊन जिना चढताना लक्षात आलं की 'आपटेल तेव्हा कळेल' हे मी त्यांच्याही आधी म्हटलं होतं. मी तर पगार घेऊन म्हटलं होतं.

दहा दिवस मी बसले. प्रत्येक टॅब्लेटला स्वतःची मोजणी दिली, म्हणजे त्याच्या प्रत्येक बातमीला अनुक्रमांक. बातमी पोचली केव्हा हे बिनमहत्त्वाचं, घडली केव्हा ते बटन दाबताक्षणी तिच्यावर लिहिलं जाऊ लागलं. बोर्डाला शिकवलं की हिरव्यानंतर मागचं लाल आलं तर ते शिळं आहे, गुपचूप नोंदवून ठेव, दाखवू नकोस. पेशंटला खरंच परत आत घ्यावं लागलं तर त्यासाठी वेगळं बटन केलं. ते दोन सिस्टरांनी दाबल्याशिवाय चालत नाही, आणि दाबलं की बोर्डावर काहीही न दाखवता आधी एक सिस्टर बाहेर येते. शेवटचं काम सगळ्यात सोपं होतं. काहीही घडलेलं नसलं तरी प्रत्येक टॅब्लेट दर अर्ध्या मिनिटाला 'मी आहे' एवढं कळवतो. ते कळवणं थांबलं की त्याच्या पट्ट्या राखाडी होतात आणि वर लिहून येतं: अकरा वाजून पाच मिनिटांनंतर बातमी नाही, दाराशी विचारा.

मालक या शेवटच्या ओळीवर अडला. "'बातमी नाही' असं स्क्रीनवर लिहायचं? क्लायंटला काय वाटेल? तिथे गोल फिरणारं चक्र दाखवू. काहीतरी चाललंय असं वाटतं."

"काही चाललेलं नसतं, सर."

"वाटतं ना पण."

मी ती ओळ तशीच ठेवली आणि चाचणी थेट मुख्य सिस्टरांना दाखवली. सिस्टरांनी स्वतः जाऊन वायफायचा प्लग काढला, राखाडी पट्टी बघितली, ओळ वाचली आणि विचारलं, "दाराशी विचारा म्हणता, तर दाराशी कोण असणार?" पुढच्या आठवड्यात मावशींची खुर्ची वर आली. मावशी माझ्याशी आजही धड बोलत नाहीत. बोर्ड आता बिनचूक चालतो आणि त्या त्याच्याखाली बसून लोकांना सांगतात, "त्याच्याकडे नका बघू, मला विचारा." लोक त्यांनाच विचारतात.

गोष्ट इथे संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण सहा महिन्यांनी एका हॉटेलात सॉफ्टवेअरवाल्यांचा मेळावा झाला आणि मालकाला बोलायला बोलावलं. विषय: भरवशाच्या रिॲक्टिव्ह सिस्टीम. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्याने शिळ्या बातमीची गोष्ट सांगितली, मोजणीची सांगितली, राखाडी पट्टीची तर फारच रंगवून सांगितली. "आम्ही ठरवलं, आमची सिस्टीम प्रामाणिक असेल. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणेल." गोल फिरणाऱ्या चक्राचा उल्लेख कुठे नव्हता. मग पडद्यावर फोटो आला. बाकावर बसलेली सात माणसं, कोपराशी कापूस. हा त्याने कधी काढला देव जाणे. "आणि सुरुवातीच्या एका छोट्या चुकीतून समाज कसा एकत्र आला, बघा."

लोक हसले, टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांत एका तरुण मुलीने क्रमाबद्दल काहीतरी नेमकं विचारलं. मालकाला ते कळलं नाही. त्याने हसत माईक माझ्याकडे दिला.

मी उत्तर दिलं. मग माईक हातात होताच, तर म्हटलं, "ती छोटी चूक नव्हती. ती चूक आम्हाला आधी माहीत होती. मी ती कागदावर लिहिली होती आणि मग सोडून दिली. त्यामुळे एक माणूस आपली बायको मरतेय असं समजून तासभर जमिनीवर बसला होता. पडद्यावरचे लोक समाज म्हणून नव्हते आले, घाबरून आले होते."

मला वाटलं, झालं, उद्यापासून नवी नोकरी शोधायची. सेहेचाळिसाव्या वर्षी मांजलपूरच्या घरातून बायोडेटा पाठवत बसायचं. तेवढ्यात मालकाने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. पहिल्यापेक्षा जास्त.

परतताना त्याने मला गाडीतून सोडलं. तो खुशीत होता. "काय बोललात! असं खरंखुरं कुणी बोलत नाही हल्ली. पुढच्या महिन्यात अहमदाबादला आहे, तिथेही हे असंच बोला. मी तुमचं ते वाक्य स्लाईडवर घेतो. 'घाबरून आले होते.' जबरदस्त." थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, "त्या पादऱ्याच्या काकांचा नंबर आहे का हो तुमच्याकडे? त्यांचा एक छोटा व्हिडिओ मिळाला तर..."

नंबर होता. त्या गुरुवारनंतर आठवड्याने मी इस्पितळातून तो मिळवून फोन केला होता. इस्पितळातून बोलतेय म्हटल्यावर त्यांना वाटलं, मी सेवा कशी होती ते विचारणारी आहे. ते घाईघाईने म्हणाले, सगळं सरस, सगळं सरस. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी दुकानात चालू असलेली मोटार बंद केली.

"बोर्ड सुधार्यो?" त्यांनी विचारलं.

काम सुरू आहे, म्हटलं.

"सारुं. हवे फोन ना करता, बेन. इस्पितळाचं नाव निघालं की तिला घाम फुटतो." आता फोन करू नका, असं सांगून फोन ठेवताना त्यांनी माझी माफी ऐकून घेतली की नाही, ते मला कळलं नाही.

"नाही," मी मालकाला म्हटलं, "नंबर नाहीये."

"काढा ना कुठून तरी," तो म्हणाला, आणि सिग्नल हिरवा झाला म्हणून त्याने हॉर्न वाजवला.